सुयांची चंची

पिस्ता रंगाच्या त्या लहानशा स्वेटरचा पुढचा भाग उन्हात धरला तेव्हा गडबड दिसली. एक ओळ दाट, एक विरळ, परत एक दाट, परत एक विरळ. जमिनीवर पसरला असता तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं, पण उजेड आरपार आला आणि सारं विणकाम बोलायला लागलं. परभणीतली डिसेंबरची सकाळ, गच्चीच्या कठड्यावर वाळत घातलेल्या वाकळा, आणि शेजारच्या आक्का नातवासाठी घेतलेलं काम हातात धरून उभ्या. चाळीस वर्षं विणणारा हात. “डोळे गेले माझे आता, दुसरं काय,” असं म्हणून त्या गप्प झाल्या. डोळ्यांचा काही दोष नव्हता. दोन्ही सुया राखाडी, दोन्ही सारख्या लांबीच्या, टोप्याही सारख्या. एका टोपीवरचा आकडा घासून गेलेला. नख फिरवल्यावर तो लागला: १२. दुसरीवर स्वच्छ १०. पावणेतीन मिलिमीटरची एक आणि सव्वातीनची एक, अशी जोडी जमवून आक्कांनी चार बोटं कमी वीतभर काम उरकलं होतं.

नवा टाका ज्या सुईवर बसतो त्या सुईच्या जाडीवर त्याचं माप ठरतं, आणि सपाट विणताना दर ओळीला सुया हात बदलतात. म्हणजे सुलट ओळीचे सगळे टाके जाड सुईवर, उलट ओळीचे सगळे बारीक सुईवर. हात कितीही सारखा असो, पट्टे पडणारच. हे आक्कांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “सुई ती सुई. रंग एक, लांबी एक. आकडा कोण बघतंय माय?” मग सुया ठेवायची जागा दाखवली. साडीच्या दुकानातली पिशवी, तिला रबरबँड, आत सतराएक सुया, एक क्रोशाचा हूक, अर्धा गुंडा केशरी लोकर आणि तीन डांबरगोळ्या. जोड्या पाच. बाकीच्या सगळ्या एकट्या.

सतरा सुया आणि पाच जोड्या.

इथल्या घरांमध्ये सुया हरवतात त्याचं एक कारण हवेतच आहे. काश्मीर-हिमाचलाकडे सुई खाली ठेवायला फुरसत कमी. आपल्याकडे दिवाळी झाली की लोकर बाहेर निघते आणि संक्रांतीचे तिळगूळ वाटून होईतो हौस ओसरते. परभणीचा पारा थंडीत राज्यात तळाला जातो हे खरं, पण तेही मोजके आठवडे. उरलेले नऊ-दहा महिने सुई नुसती पडून असते, आणि पडून राहिलेल्या वस्तूला घर दुसरी कामं लावतं. पायजम्यात नाडी ओवायला सुई. ढोकळा शिजला का बघायला सुई. बेसिनच्या जाळीतला केस काढायला सुई. काम झालं की ती जिथल्या तिथे राहते, म्हणजे ओट्यावर, खिडकीत, शिवणयंत्राच्या खणात. मागे राहिलेली तिची जोडीदारीण पुढच्या दिवाळीत जी मिळेल तिच्याशी संसार मांडते.

त्यात आकड्यांचा घोळ. आपल्या बाजारातल्या सुयांवर जुना ब्रिटिश हिशेब चालतो: आकडा वाढेल तशी सुई बारीक. १४ नंबर म्हणजे २ मिलिमीटर, १२ म्हणजे पावणेतीन, १० सव्वातीन, ८ म्हणजे ४, ६ म्हणजे ५ आणि ४ नंबर ६ मिलिमीटर. शिवणयंत्राच्या सुईचं नेमकं उलटं, तिथे १६ नंबर १४ पेक्षा जाड. आणि मोबाइलवर बघून कुणी अमेरिकी नमुना विणायला घेतला तर त्यांची १० नंबर ६ मिलिमीटरची, म्हणजे आपली ४. तीन हिशेब एका घरात नांदतात. त्यामुळे सुयांच्या घराकडून माझी पहिली अपेक्षा दिसण्याची नसते. प्रत्येक जोडीला आकड्यानिशी स्वतःची जागा हवी, आणि जागा रिकामी असेल तर ती उघडताक्षणी डोळ्यांत भरायला हवी.

नळकांड्यांवर बऱ्याच जणींचा जीव असतो, म्हणून त्यांचा निकाल आधी लावते. शेतातल्या पाइपलाइनचे तुकडे मराठवाड्यात घरोघर पडलेले. दोन इंची, म्हणजे ६३ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपाचा ४० सेंटिमीटरचा तुकडा, दोन्ही बाजूंना टोपणं, तळाशी दोन बोटं जाड स्पंजाची चकती. ३५ सेंटिमीटरच्या वीसेक सुया सहज मावतात. कापलेली कड पॉलिश पेपरने घासली नाही तर तिचे बारीक काटे लोकरीला धरतात, तेवढं बघायचं. उंदीर लागत नाही, वाळवी लागत नाही, एसटीत टाका की शेताला न्या. पण आत सगळ्या सुया एका मापात. १० हवी असेल तर सगळं नळकांडं पलंगावर ओतायचं, आणि ओतलं की एखादी गडगडत कपाटाखाली. शटलकॉकच्या लांब डब्याचंही तेच, वर त्याच्या पुठ्ठ्याला वाळवीची भीती. उदबत्तीच्या नळीत फक्त आखूड सुई जाते. प्रवासाला नळकांडं चांगलं. घरात ठेवायला कप्पेच हवेत.

आणि कप्प्यांचं कापडी घर कसं असावं हे शोधायला लांब जायला नको. पानसुपारीची चंची बघितलेली माणसं अजून आहेत. कनवटीला किंवा बंडीच्या खिशात गुंडाळी, दोरी सोडली की लांब पट्टी उलगडायची: पानाचा कप्पा मोठा, सुपारीचा त्याच्या आत, काताचा छोटा, लवंगेचा त्याहून छोटा, चुन्याची डबी आणि अडकित्ता यांची जागा ठरलेली. बघावं न लागता बोटं बरोबर जागी जात. लवंग संपली तर ते कप्प्याला हात लावताच कळे. वस्तूच्या मापाचा कप्पा, वरून कापडाची दुमड, गुंडाळून दोरी, एवढीच तिची करामत. सुयांसाठी ती फक्त हातभर उंच करायची.

आता मापं. ही ३५ सेंटिमीटरच्या, म्हणजे १४ इंची सुयांसाठी आहेत, कारण दुकानात जास्त करून त्याच मिळतात. वरचं कापड ४४ बाय ५६ सेंटिमीटर, अस्तर तेवढंच, आणि कप्प्यांचं कापड ४४ बाय ४८. यात चारी बाजूंनी शिवणीसाठी दीड सेंटिमीटर माया धरली आहे. अस्तर आणि कप्पे मांजरपाटाचे करावेत. ३६ इंची पन्ह्याचा पाऊण मीटर मांजरपाट दोन्हींना पुरतो, दोन्ही तुकडे शेजारी शेजारी बसतात. वरच्या कापडाचाही पाऊण मीटर घ्यावा, त्याचा अर्धा पन्हा उरेल. एक मीटर सुती नाडी. जुन्या जीनची ४ सेंटिमीटर रुंद आणि ४४ लांब अशी पट्टी, दोन नग. कापायच्या आधी मांजरपाट आणि वरचं कापड रात्रभर पाण्यात भिजवून वाळवायचं. हे टाळलं तर पहिल्या धुण्यात अस्तर आणि वरचं कापड कमीजास्त आटतात, आणि सगळी गुंडाळी भाजलेल्या पापडासारखी वळते.

कप्प्यांची रुंदी ठरवताना सुईकडे बघून फसगत होते. १४ नंबरची सुई काडीसारखी, तिला दीड सेंटिमीटर पुष्कळ झालं असं वाटतं. पण सुई बारीक असली तरी तिची टोपी बारीक नसते. जवळजवळ सेंटिमीटरभर रुंदीच्या दोन टोप्या शेजारी आल्या की त्या एकमेकींवर चढतात आणि शेजारच्या कप्प्यातल्या टोप्यांना ढकलतात. मग सगळी वरची ओळ वाकडी. म्हणून १४, १३, १२, ११ यांना अडीच-अडीच सेंटिमीटर. १०, ९, ८, ७ यांना तीन-तीन. ६, ५, ४ यांना साडेतीन. पायमोज्यांच्या चार सुयांच्या संचाला ४. आणि क्रोशाचे हूक, टाके धरायची पिन, लोकर ओवायची बोथट सुई यांच्यासाठी शेवटचा साडेचारचा. बेरीज बरोबर ४१. कप्पे तेरा.

शिवायच्या आधी आकडे भरायचे, हा क्रम उलटा झाला की पंचाईत. कप्प्यांचं कापड मधोमध दुमडून २४ सेंटिमीटरचं होणार. भरतकाम त्याच्या फक्त समोरच्या थरावर, दुमडण्याआधी, दुमडीपासून दोन बोटं खाली. साखळी टाका किंवा साधा मागचा टाका, दोन पदरी धागा, गडद रंग. मराठी आकडे घातले तर १ आणि ९ तेवढे नीट काढा, बारीक भरतकामात ते भावंडं वाटतात. नंतर भरायला गेलं तर सुई दोन्ही थरांतून जाते, मागे धाग्याच्या गाठी कप्प्यात राहतात आणि सुईचं टोक प्रत्येक वेळी त्यांत अडकतं.

जीनच्या पट्ट्या कशासाठी हे पहिली चंची करताना कुणालाच कळत नाही, दुसऱ्या हिवाळ्यात कळतं. सुया टोक खाली करून ठेवायच्या. गुंडाळी उभी ठेवली की सगळं वजन तळाच्या शिवणीवर, आणि १४ नंबरचं टोक दोन टाक्यांच्या मधून वाट काढत बाहेर डोकावतं. कुणी कपाटात हात घातला की रक्त. म्हणून एक पट्टी अस्तराच्या खालच्या कडेला, दुसरी कप्प्याच्या मागच्या थराच्या खालच्या कडेला शिवून घ्यायची, म्हणजे टोक दोन्हीकडून जीनमध्येच टेकतं. मग कप्प्याचं कापड दुमडायचं, दुमडीवर एक टीप मारायची, आणि ते अस्तराच्या सुलट बाजूवर खालच्या कडा जुळवून ठेवायचं. खडूने कप्प्यांच्या रेषा. टीप मधल्या रेषेपासून सुरू करावी, मग एक डावीकडची, एक उजवीकडची. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओळीने गेलं की यंत्र वरचं कापड हळूहळू पुढे ढकलतं आणि शेवटच्या कप्प्याशी बोटभर झोळ उरतो. प्रत्येक टीप तळापासून तोंडाकडे, आणि तोंडाशी तीनदा मागे-पुढे, कारण सुई काढता-घालता सगळा ताण तिथेच येतो.

इथे एक थांबा घ्यायचा. पायमोज्यांची सुई २० सेंटिमीटरची, आणि कप्पा साडेबावीस खोल. ती आत पडली की चिमट्याने काढावी लागते. त्या कप्प्यात तळापासून ८ सेंटिमीटरवर आडवी दुहेरी टीप मारून मजला उचलून घ्यायचा. २५ सेंटिमीटरच्या सुया असतील त्यांना ७ वर. शिवाय या पायमोज्यांच्या सुयांना दोन्हीकडे टोकं. त्यांच्या वरच्या टोकांना सायकलच्या व्हॉल ट्यूबचे, म्हणजे बारीक रबरी नळीचे, बोटाच्या पेराएवढे तुकडे चढवतात. छान बसतात, पण मे महिन्यात ती रबर चिकट होते आणि सुईवर काळा डाग सोडते. दर दिवाळीला नवे तुकडे कापायचे.

मग अस्तर आणि वरचं कापड सुलट बाजू आत करून समोरासमोर. नाडी मधोमध दुमडून तिची दुमड ६-५-४ च्या बाजूच्या कडेला, तळापासून २० सेंटिमीटरवर, दोन कापडांच्या मध्ये. शेपट्या आत गोळा करून पिनेने टाचायच्या, नाहीतर शिवणीत सापडतात आणि सगळं उसवावं लागतं. चारी बाजूंनी दीड सेंटिमीटरवर टीप, वरच्या कडेला १२ सेंटिमीटर उघडं. तळाची टीप दोनदा, बारीक टाक्यांची. तळाशी सहा थर येतात, त्यात दोन जीनचे; यंत्राला १६ नंबरची सुई घालून चाक हाताने फिरवत जायचं, पायाने जोर केला तर सुई तुटते आणि तुकडा डोळ्याकडे उडतो. कोपऱ्यांची माया तिरपी कापून उलटवायचं. कोपरे बाहेर काढायला विणायचीच जाड सुई घ्यावी, पण टोपीच्या बाजूने. टोकाने ढकललेला कोपरा आजवर शाबूत राहिलेला नाही. इस्त्री, उघड्या भागावर टीप, झालं. तयार उंची ५३. त्यातली ३९ सुयांची, आणि वरची १४ सेंटिमीटर पुढे घ्यायची, टोप्यांच्या डोक्यावरून पदर घेतल्यासारखी. पदर नसेल तर गुंडाळी उलटी धरली की सुया पायऱ्यांवरून घरंगळत जातात, त्या आवाजाने झोपलेलं लेकरू उठतं. टोपी आणि दुमड यांच्यात तीनेक सेंटिमीटर मोकळे हवेत. ते वाचवायला गेलं तर टोप्या पदराला आतून भोकं पाडतात.

गुंडाळायचं बारीक सुयांकडून. १४ नंबर पोटात, जाड सुया बाहेर कुंपणासारख्या, आणि नाडी जाड सुयांवर आवळली जाते. उलट बाजूने गुंडाळून करकचून बांधलं तर २ मिलिमीटरची अॅल्युमिनियमची सुई मध्यात धनुष्यासारखी वाकते, आणि वाकलेली सुई सरळ केली तरी त्या जागी टाका दर वेळी अडखळतो.

आता वरच्या कापडाबद्दल, कारण मन तिथेच गुंततं. आईचं लुगडं ट्रंकेत आहे, त्याचं करू, असं दहातल्या आठ जणी म्हणतात. लुगड्याचा तो मऊपणा, डांबरगोळी आणि धुराचा मिसळलेला वास, सगळं कबूल. पण तीस वर्षं धुतलेलं कापड वाकळेला चांगलं, सुयांना नाही; टोक त्यातून पाण्यातून जावं तसं जातं. ते वरच्या बाजूला घ्यायचं तर मागे मांजरपाटाचा आणखी एक थर लावावा, आणि कप्प्यांना तर अजिबात वापरू नये. छत्रपती संभाजीनगरच्या हिमरूचा, म्हणजे तिथल्या नक्षीदार विणीच्या कापडाचा तुकडा समोरून राजेशाही दिसतो, पण त्याच्या मागे नक्षीचे धागे मोकळे लोंबतात, ते सुईच्या टोकाला धरतात. शिवाय कापलेली कड बघता बघता सुटते. आधी कडेने बारीक टीप मारून घेतली आणि अस्तर पक्कं असलं तर चालेल. पैठणीचा काठ लावू नये. जरीचा धागा खरखरीत, लोकरीचा कट्टर वैरी. माझं मत विचाराल तर राष्ट्रध्वजाच्या कापडासाठी नावाजलेली नांदेडची खादी, जाडीभरडी, मातकट रंगाची. काळ्या मातीची धूळ तिच्यावर दिसत नाही आणि नाडी तिच्यावरून घसरत नाही. लातुरात गंजगोलाईच्या आसपास हिंडलं तर मांजरपाट, नाडी, जीनचे तुकडे सगळं पायी फिरून एका दुपारी गोळा होतं.

गोल सुया या चंचीत कोंबू नयेत. त्यांची नायलॉनची तार घट्ट वळवली की ती तसाच आकार धरून बसते आणि विणताना सापासारखी उसळते. तळहात मावेल एवढं वेटोळं करून वेगळ्या चौकोनी पिशवीत, आणि तार वाकलीच असेल तर मिनिटभर गरम पाण्यात, उकळत्या नाही. बांबूच्या सुया आपल्या कोरड्या उन्हाळ्यात रेषेरेषेने तडकतात, बारीक कूस निघते. तेल लावायचा मोह होतो. तेलाचा डाग पांढऱ्या लोकरीवर कायमचा. पांढऱ्या मेणबत्तीचा तुकडा घासून फडक्याने चोळायचं. पोलादी सुया पावसाळ्यात गंजतात, त्या कोरड्या कापडाने पुसून मगच गुंडाळाव्यात. चंची लोकरीच्या ट्रंकेत तळाशी नको, वर ठेवावी, नाहीतर दिवाळीला ती शोधायला सगळी ट्रंक उपसावी लागते आणि मग आहे त्या सुयांनी काम सुरू होतं.

आक्कांची चंची दोन दुपारींत झाली. खादी विटकरी, आकडे पांढरे. आकडा पुसलेली एकेक सुई गल्लीच्या टोकाच्या वर्कशॉपमधल्या पोराने जाडी मोजायच्या व्हर्नियरने मोजून दिली, हसत हसत, पण मोजून दिली. सुया घालता घालता हिशेब समोर येत गेला. १४ ची जोडी पूर्ण. ११ मध्ये तीन. ९ चा कप्पा कोरा. १० मध्ये एक, १२ मध्ये एक. त्या दोन कप्प्यांकडे आक्का जरा वेळ बघत राहिल्या आणि मग उठून आत गेल्या. डब्यांच्या मांडणीवर, ढोकळ्याच्या कुकरशेजारी, पिवळट पीठ लागलेली एक राखाडी सुई उभी होती. धुतली, पुसली. १० नंबर.

पिस्ता रंगाचा तो भाग त्याच संध्याकाळी उसवला. उसवलेली लोकर शेवयांसारखी कुरळी. गुडघ्यांभोवती लड घेतली, चार ठिकाणी सैल बांधली, कोमट पाण्यातून काढून दांडीवर टांगली आणि खाली एक तांब्या अडकवला, म्हणजे वजनाने धागा सरळ होतो. दोन दिवसांनी परत टाके घातले. १२ च्या कप्प्यात अजून एकच सुई आहे. चंची उघडली की ती कप्प्यात तिरकी होते, आणि आक्का दर वेळी ती बोटाने सरळ करतात, नातवाला हाक मारतात आणि विचारतात, “आरं, पलंगाखाली बघितलंस का?”